पालथ्या टोपल्यांचा मोसम

आमच्याकडे चिकूच्या चेहऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. कच्चा असला तरी तपकिरी, उतरवायला झाला तरी तपकिरी. तोंडावरून काही म्हणजे काही कळू देत नाही. म्हणून नख मारायचं. सालीखाली हिरवं दिसलं तर राहू दे बाबा झाडावर, पिवळसर दिसलं तर ये खाली. हिवाळा लागला की डहाणूपासून आशागडपर्यंत ज्याच्या त्याच्या अंगठ्याच्या नखात एक तपकिरी कड बसते. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. बँकेत सही करताना, लग्नात अक्षता टाकताना, वहिनीच्या बाळाचा गाल ओढताना ती दिसते. आमच्या भागातलं हे आधार कार्डच आहे.

आज या वर्षाची पहिली मोठी तोडणी झाली. शेडमध्ये क्रेट ओतले गेले आणि तो वास आला. गुळाचा, ओल्या लाकडाचा आणि त्यात किंचित झिंग. देठातून पांढरा चीक गळत असतो, तो बोटांना लागला की बोटं एकमेकांना सोडत नाहीत. मी हौदावर चिकू धूत उभी होते, पाणी इतकं गार की कोपरापर्यंत हात परक्याचे झालेले, आणि एकदम मला तो हिवाळा आठवला. नोटा बंद झाल्या होत्या तो. माझी ताई रोमेनियात होती तो.

माझं नाव नम्रता. आईवडिलांनी आयुष्यात केलेला हा एकमेव विनोद. मला लहानपणापासून एकच विद्या येते, दुसऱ्याचा आवाज काढायची. शाळेतल्या शिपायाचा काढला, मार खाल्ला. पीटीच्या सरांचा काढला, अख्खा वर्ग मैदानावर जाऊन उभा राहिला, मग जास्त मार खाल्ला. तलासरीच्या स्टँडवर कंडक्टर ‘भिलाऽऽड, वापीऽऽ’ असं ओरडतो, ते मी एकदा इतकं हुबेहूब ओरडले की दोन आजी बोचकी घेऊन उठल्या. पाहुणे यायचे असले की आई आधीच मला दम भरते, “नमू, आज कोणी होऊ नकोस. तूच राहा.” तेवढंच मला जमत नाही.

ताई म्हणजे हर्षाली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि, आमच्या मोठ्या काकूच्या शब्दांत, “दोन बायकांचं कापड लागेल एवढी.” दहावीतच ती पप्पांच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची. बागेत खालच्या फांद्यांचे चिकू काढायला सगळ्यांना जाळीची काठी लागते, ताई नुसता हात वर करायची. काकू म्हणायची, “हिला नवरा आणायचा तर शिडी लावूनच आणावा लागेल.” ताई म्हणायची, “शिडी कशाला, मी खाली वाकेन ना थोडी.” ताई फार बोलायची नाही, पण वर्षातून एखाद वेळी असं बोलायची. बाकी तिच्या वाटचं सगळं मीच बोलून घ्यायचे.

शाळेच्या मागे बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट होतं. एक रिंग जागेवर, दुसरी वाकलेली, जाळी कुठेच नाही. जाळी नसली की बॉल आत गेला की बाहेरून, यावर वाद होतात. ताईच्या बॉलवर कधी झाला नाही. दुपारी सगळा गाव जेवून आडवा झाला की तो आवाज यायचा, ठप्प, ठप्प, ठप्प, मग मधेच एक श्वासभर काहीच नाही. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या शांततेवरून सांगायचे, गेला की नाही गेला. घरी ती शेडसमोरच्या अंगणात बॉल आपटायला लागली की आई ओरडायची, “हर्षु, चिकू दबतील!” बॉल अंगणात आणि चिकू शेडमध्ये, दबतील कसे? पण आईला वाटायचं की जमीन हलते.

दोन हजार चौदात ती राज्याच्या संघात गेली. स्पर्धा गुजरातेत असल्या की आम्ही तिला तलासरीला हायवेवर बसमध्ये बसवायला जायचो. थंडीत तिथे रस्त्याकडेला मडकी उलटी टाकून त्यांच्याभोवती जाळ करतात, आत पापडी, कंद, रताळी, ओवा. उंबाडियू म्हणतात त्याला. धूर, डिझेल आणि ओव्याचा वास, आणि त्यात ताई ट्रॅकसूट घालून उभी, पिशवीत बॉल. बसमधल्या बायका खिडकीतून वर बघायच्या. सगळ्यांनाच ताईकडे वरच बघावं लागतं.

मग रेल्वेतल्या नोकरीची संधी आली. स्पोर्ट्स कोट्यातून, पक्की. त्याच महिन्यात दिल्लीच्या एका एजंटने रोमेनियातल्या एका छोट्या क्लबचा करार आणला. एक मोसम, ऑक्टोबर ते एप्रिल. राहायला फ्लॅट, जेवण, महिन्याला पगार. गावाच्या नावात इतकी जोडाक्षरं की पप्पांनी दोनदा प्रयत्न करून सोडून दिला. त्यांच्यासाठी ते गाव कायमचं ‘तिकडे’ झालं.

काकू घरी आली. “सोन्यासारखी नोकरी सोडून बॉल आपटायला परदेशात? इथली जमीन कमी पडली काय?”

ताई म्हणाली, “काकू, नोकरी मिळाली की खेळ संपतो. मग मी टेबलाशी बसणार आणि वर्षातून एकदा ऑफिसच्या संघातून खेळणार. मला एकदा बघायचंय, खेळून पोट भरतं का.”

बस, एवढंच तिला बघायचं होतं. आणि तिने हेही सांगितलं होतं की एक मोसम नीट पुरा केला तर पुढचा क्लब दार उघडतो. अर्धवट सोडून आलेल्या खेळाडूला कोणी विचारत नाही. व्हिसासुद्धा क्लबच्या नावाने. म्हणजे तिकडे काही बिनसलं तर नोकरीही गेलेली आणि खेळही.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमची बाग जयंतीशेठकडे असते. म्हणजे झाडं आमची, तोडणी आमच्या खर्चाने, फळ त्याचं. मोसमाच्या सुरुवातीला तो थोडा बयाणा देतो, मग माल उचलत राहतो, आणि खरा हिशेब होतो मार्चनंतर, झाडं रिकामी झाल्यावर. मधे विचारलं तर पांढऱ्या स्कूटरवर बसल्या बसल्या म्हणतो, “पैसा क्यां भागी जवाना छे, मोटाभाई? सीझन पूरी थवा दो ने!” पैसे कुठे पळून जातात, मोसम तर संपू दे. माझ्या आजोबांच्या वेळेस त्याचे वडील हेच म्हणायचे. आणि पैसे खरंच पळून जात नाहीत. उशिरा येतात, रडत येतात, पण येतात. आमच्या घरात मधेच पैसे मागणं म्हणजे जेवताना ताट उचलून उभं राहण्यासारखं. वाईट दिसतं.

तर ताईचा पहिला पगार आला नाही. दुसऱ्याची वेळ झाली तरी नाही. तिने फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, “पप्पा, काय करू?”

पप्पा क्रेट मोजत होते. म्हणाले, “अगं, तुझा क्लबवाला व्यापारी माणूस आहे. मोसम संपल्यावर करेल हिशेब. मधे तोंड उघडून संबंध बिघडवू नकोस. तू आपलं काम चोख ठेव.”

नोटा नुकत्या बंद झाल्या होत्या. आमच्याकडे तर सगळ्यांचेच अडकले होते. पप्पांचे जयंतीशेठकडे, जयंतीशेठचे दिल्लीच्या मंडईत, मंडईचे देव जाणे कुठे. त्यात रोमेनियाच्या एका माणसाने दोन महिने थांबवले तर त्यात विशेष ते काय? पप्पांना वाटलं, जगभर हेच चाललंय. आणि ताईने पप्पांचं ऐकलं. आमच्या घरातली थोरली मुलगी ती. तिने काम चोख ठेवलं.

पण आमच्या बागेत तोडणीला झरी गावाहून बायका येतात, त्यांनी नाही ऐकलं. त्यांचा नेम असा, आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पैसे. त्या आठवड्यात पप्पांकडे नोटाच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला सगळ्याजणी आल्या. पदर खोचलेले, टोपल्या आणलेल्या. आल्या, आणि एकेका झाडाखाली टोपली पालथी घालून तिच्यावर बसल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. एकीने तर केस विंचरायला घेतले.

पप्पा म्हणाले, “रमीबाय, हे काय?”

रमीबाय त्यांच्यातली थोरली. ती म्हणाली, “काय नाय शेठ. कामाला आलो.”

“मग चढा ना.”

“चढू ना. पैसे येऊं दे.”

“अगं, बँकेतच नाहीत पैसे! मोसम संपल्यावर तुमचे एकदम...”

“मोसम संपल्यावर खाऊं काय मग एकदम?” रमीबाय हसत म्हणाली आणि तंबाखू मळायला लागली. “आमी घरा नाय जात. गेलो तं तुमी सांगशाल, बाया आल्याच नाय.”

चिकू झाडावर, बायका झाडाखाली, ट्रक फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभा. पप्पा दोन वेळा रागावले, एकदा गयावया केली, आणि मग मोटरसायकल काढून निघाले. आईच्या माहेरी, दूध डेअरीवाल्याकडे, पेट्रोल पंपावर, जिथे म्हणून सुट्टे होते तिथे फिरले. जेवणवेळेच्या आत पैसे आले. बायका उठल्या, टोपल्या सरळ केल्या, झाडावर गेल्या. पप्पा त्या दिवशी चहा दोनदा प्यायले. मी रमीबायचा आवाज त्याच रात्री जेवताना काढला, आणि पहिल्यांदाच असं झालं की माझ्या नकलेवर पप्पा सोडून सगळे हसले.

ताईचा फोन दुपारी यायचा. तिकडे सकाळ असायची तेव्हा इकडे जेवणं उरकलेली असायची. फुकटचं फोर-जी तेव्हा नुकतंच आलं होतं, अख्खं गाव एकमेकांना तोंडं दाखवत सुटलं होतं. ताईसुद्धा तोंडच दाखवायची, तेवढंच, फोन असा जवळ धरून की मागचं काही दिसू नये. “कशी आहेस?” “सगळं ओके.” “जेवलीस?” “सगळं ओके.” तपकिरी चेहरा, शांत. काही म्हणजे काही कळू देत नाही.

एका दुपारी मी शेडमध्ये एकटी होते. तिने पुन्हा म्हटलं, “सगळं ओके.” मला काय सुचलं कोण जाणे, मी तिच्याच आवाजात तेच परत म्हटलं. “सगळं ओके.” पण जसं तिने म्हटलं होतं अगदी तसं, शेवटचा ‘ओके’ घशात थोडा घसरलेला, नाकातून थोडी हवा. टिंगल करायची होती, दुसरं काही नाही.

मग तिचा फोन हलला, आणि मला खोली दिसली. ती घरात जाकीट घालून बसली होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

मग आलं सगळं. क्लब फ्लॅटचं बिल भरत नव्हता, म्हणून हीटर बंद. ज्या हॉटेलात मुलींचं जेवण लावलं होतं, त्याने हात वर केले. ती आणि तिच्या खोलीत राहणारी नायजेरियाची ब्लेसिंग, दोघी भात आणि राजम्यावर दिवस काढत होत्या. ब्लेसिंगचे दोन भाऊ घरी तिच्या पैशांवर शिकत होते, त्यांना ती रोज सांगायची, ‘सगळं ओके.’ ताईचा घोटा सुजला होता. दाखवायला डॉक्टर नव्हता, त्यामुळे ती तशीच खेळत होती. आणि दिल्लीचा एजंट? “मैम, टेंशन मत लीजिए,” एवढं बोलून त्याने फोन बंद ठेवला होता.

“पप्पांना सांगते,” मी म्हटलं.

“मुळीच नाही. त्यांचेच अडकलेत सगळे. आणि ते म्हणाले ना, मोसम संपल्यावर.”

“मग त्या क्लबच्या प्रेसिडेंटला तरी विचार!”

“विचारलं गं.” तिने एक व्हॉइस मेसेज पाठवला. क्लबचा प्रेसिडेंट. त्याची मटणाची तीन दुकानं होती आणि आवाजही तसाच, चरबी लागलेला. “टुमॉरो, माय डिअर, टुमॉरो. यू आर लाईक माय डॉटर.”

मी तो मेसेज इतक्या वेळा ऐकला की दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात तो माणूस तयार होता. म्हटलं, “चल ताई, मी प्रेसिडेंट. तू माग.”

आमचा क्लास सुरू झाला. रोज दुपारी, क्रेटच्या थप्प्यांमागे. मी ओढणीचं पोट बांधून बसायचे आणि म्हणायचे, “येस, माय डिअर?” ताई तिकडे घसा साफ करायची आणि पहिला शब्द काढायची, “सॉरी सर...”

“ताई! पगार मागतेस की सुट्टी?”

पुन्हा. “सर, इफ पॉसिबल...” पुन्हा. “सर, आय नो यू आर बिझी...” मुलगी अशी की दोघी अंगावर आल्या तरी बास्केट करून येईल, आणि इथे तिला आपल्याच पैशाकडे जायला वाट सापडेना. जाकिटाची चेन वर खाली करत बसायची. म्हणायची, “नमू, मला नाही जमत. असं मागायचं नसतं असंच आपण शिकलो ना.”

शेवटी मी वैतागले. म्हटलं, “मग तू हो प्रेसिडेंट. मी तू होते. आणि मराठीतच करू, इंग्रजी नंतर घालू त्यात.”

ती हसली. तिला नक्कल अजिबात येत नाही, तिचा प्रेसिडेंट आमच्या पोस्टमनसारखा वाटत होता. मी डोळे मिटले आणि ताई झाले. तिचा आवाज काढायला उंच व्हावं लागतं, मी मान सरळ केली.

“सर, मी रोज वेळेवर तुमच्या हॉलमध्ये येते. घोटा सुजला तरी खेळले. तुम्ही म्हणता मी तुमच्या मुलीसारखी. मुलगी थंडीत बसली असती तर तुम्हाला झोप लागली असती? मी तुमची मुलगी नाही. मी तुमची खेळाडू आहे. माझे वडील आहेत घरी. मला माझा पगार द्या.”

डोळे उघडले तर ताई तोंडावर हात धरून बसली होती. आणि मागून पप्पांचा आवाज आला, “हर्षु आली?”

ते थप्पीच्या पलीकडे उभे होते, हातात जाळीची काठी. आत डोकावले, मला पाहिलं, माझं ओढणीचं पोट पाहिलं, मग फोन पाहिला. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि क्रेटवर बसले.

“थंडीत म्हणजे? कधीपासून?”

ताई म्हणाली, “पप्पा, तुम्हीच म्हणालात, मोसम संपल्यावर...”

“मी म्हणालो ते जयंतीशेठचं म्हणालो,” पप्पा म्हणाले. मग नखातली घाण काढत पुढे बोलायला लागले. “जयंतीशेठला मी थांबतो, कारण त्याचं घर आशागडच्या वळणावर आहे. त्याच्या आईच्या तेराव्याला मी जेवलोय. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा माझ्याच फाटकात यायचंय. तुझं तिकडे काय आहे? झाड तुझं नाही, फाटक तुझं नाही. मोसम संपल्यावर तो तुला ओळखणार पण नाही. मी कुठलं माप कुठे लावलं, हर्षु!”

“मग सोडून येऊ?” ताईचा आवाज एवढासा झाला. मला तो आवाज काढता येतो. मी कधी काढला नाही.

“सोडून कशाला? तुला खेळायचंय ना?”

“खेळायचंय.”

“मग घरी यायचं नाही,” पप्पा म्हणाले, आणि जरा लाजल्यासारखे माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, “आणि झाडावर पण चढायचं नाही. माझ्यासमोर टोपल्यांवर बसल्या ना बायका त्या दिवशी? वेळेवर जायचं, कपडे घालून जायचं, आणि बसायचं. त्याचा ट्रक फाटकाशी उभा असताना.”

ताईने हे ब्लेसिंगला सांगितलं. आम्हाला वाटलं तिला हे खेड्यातलं काहीतरी वाटेल. ती फ्लॅट हलेल इतकी हसली. म्हणाली, “तुझे वडील माझ्या आईला ओळखतात का? आमच्या बाजारातल्या बायका असंच करतात!”

पुढचं मी बघितलेलं नाही. ताईने सांगितलं. पण सगळ्यांचे आवाज घालून मी ते इतक्या लोकांना सांगितलंय की आता मला तिथल्या हॉलचा वासही येतो. शनिवारची मॅच. बाहेर बर्फ, आत गावातली माणसं जाड कोट घालून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली. दोन्ही संघ वेळेवर. समोरचा संघ वॉर्मअप करतोय. ताई आणि ब्लेसिंग पूर्ण कपड्यात कोर्टाच्या मधोमध आल्या. टोपल्या नव्हत्या. बॉल ठेवायची एक जाळीची ढकलगाडी होती, ती ब्लेसिंगने पालथी घातली. बॉल हॉलभर पळाले, पोरं त्यांच्या मागे. आणि या दोघी त्या गाडीवर बसल्या.

बाकीच्या मुली तिथल्याच. त्या बघत राहिल्या. ताई म्हणते, तेवढा वेळ सगळ्यात लांब होता. दोन परदेशी मुलींना हाकलणं काही अवघड नव्हतं. रेफरीने घड्याळ दाखवलं. वेळ संपली की मॅच गेली, आणि मॅच गेली की करार मोडायला निमित्त मिळालं. मग एक मुलगी येऊन बसली, मग दुसरी. शेवटी कॅप्टन. ती दिवसा औषधांच्या दुकानात काम करायची. तिचे तर मागच्या मोसमाचेही राहिले होते, पण स्वतःच्या गावात हे बोलायची तिला लाज वाटायची. ती बसली तशी वरच्या रांगेतली तिची आई उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली.

प्रेसिडेंट घाम पुसत खाली आला. “टुमॉरो, माय डिअर...”

ताई उठली. उठली की तो तिच्या खांद्यापर्यंत. तिने सॉरी म्हटलं नाही. “वुई आर हिअर,” ती म्हणाली. “वुई आर रेडी. नॉट टुमॉरो. टुडे यू पे, टुडे वुई प्ले.” पाठ केलेलं भाषण ती साफ विसरली होती. तिचं तिनेच बोलून टाकलं.

त्याने तिकिटाच्या पेटीतले काढले, पहिल्या रांगेत बसलेल्या जाहिरातवाल्याकडून घेतले, स्वतःच्या खिशातून काढले. एकेका महिन्याचे सगळ्यांच्या हातात आले. बाकीचे हप्त्याने द्यायचं त्याने सगळ्या गावासमोर कबूल केलं. मॅच झाली. ताईचा संघ सपाटून हरला. इतका आनंदाने हरलेला संघ मी अजून पाहिला नाही, म्हणजे तोही पाहिला नाहीच, पण तरी.

इकडे पप्पांना भलताच जोर चढला. त्यांनी दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवून बाहेर खुर्ची टाकून बसले. जयंतीशेठची पांढरी स्कूटर आली. “अरे मोटाभाई, आ शुं?” पप्पा म्हणाले, “कंई नथी. कामावरच आहे.” संध्याकाळी अर्धे पैसे आले आणि रागावलेल्या जयंतीशेठला आईने जेवायला घातलं. तेव्हापासून आमच्याकडे बायकांचा पगार बाजाराच्या आदल्या दिवशी आधी बाजूला काढतात, मग बाकीचं.

एप्रिलमध्ये ताई आली. विमानातून उतरली ती लंगडतच. काही पैसे शेवटपर्यंत आले नाहीत, ते खोटं कशाला सांगू. काकू पेढे खायला आली आणि पेढा तोंडात असतानाच विचारती झाली, “शेवटी हाताला काय लागलं गं एवढं करून?”

ताई म्हणाली, “पुरा मोसम.”

काकूला कळलं नाही. पप्पांना कळलं. ते उठून उगाचच बाहेर गेले.

मधलं एक वर्ष घोट्यात गेलं. पट्टी, व्यायाम, पुन्हा पट्टी. रविवारी ती तलासरीला एका शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवायला जायची, मी मागे बसून स्कूटी चालवणाऱ्या ताईला वाऱ्यात ओरडून विनोद सांगायचे. हायवेचे ट्रक, लाल धूळ, अनवाणी पळणाऱ्या मुली. तिथे खेळता खेळता तिचा पाय कधी सरळ पडायला लागला, तिलाही कळलं नाही. मग पोर्तुगालच्या एका क्लबने विचारलं. त्यांनी तिच्याबद्दल चौकशी केली होती म्हणे, आणि ती औषधांच्या दुकानातली कॅप्टन भरभरून बोलली होती.

या वेळी करार आला तेव्हा पप्पा चष्मा लावून शेडमध्ये बसले, नव्या एजंटला स्पीकरवर घेतला आणि मला दुभाषी केलं. घराचं भाडं कोण भरणार? क्लबने भरलं नाही तर पोरीला बाहेर काढतील का? दुखापत झाली तर दवाखाना कोणाचा? परतीचं तिकीट आधी का नाही? बयाणा किती? उशीर झाला तर कितव्या दिवसापासून तिने बसायचं? मी ‘बसायचं’चं इंग्रजी करताना अडखळले. एजंट तिकडून अदबीने म्हणाला, “सर, आर यू अ लॉयर?”

पप्पा माझी वाट न बघता म्हणाले, “नो नो. चिकू.”

हा तिचा पोर्तुगालमधला दुसरा मोसम. एकटं वाटतं तिला अजून, दिवाळीत जास्त. सणाला तिकडे ती एकटीच लाडू वळते आणि बुंदी फसली की फोटो पाठवते. आई अजून स्थळं बघते, आता फक्त उंचीची अट आधी सांगते. पगार फार मोठा नाही. रेल्वेत असती तर जास्त साठलं असतं, हे काकू दर महिन्याला हिशेबाने सिद्ध करते. पण खेळून पोट भरतं का, याचं उत्तर ताईला मिळालंय. भरतं. मागावं लागतं.

आज दुपारी हात पुसून मी फोन उचलला. ताई हॉलच्या बाहेर उन्हात उभी होती, फोन लांब धरलेला, मागचं सगळं दिसत होतं. भिंत, सायकली, कोणाचं तरी कुत्रं. म्हणाली, त्यांच्या संघात केनियाची एक मुलगी आली आहे, जेमतेम एकोणीसची. घरातून पहिल्यांदा बाहेर पडलेली. तिचे पैसे कुठेतरी अडकले होते, आणि ती सगळ्यांना सांगत होती, सगळं ओके.

“मग? गेलीस तू मॅनेजरकडे?”

“गेलो दोघी.”

“काय बोललीस? नीट सांग, शब्द न् शब्द सांग.” मी तर घसा साफ करूनच बसले होते.

“मी काहीच नाही बोलले. ती बोलली. मी नुसती शेजारच्या खुर्चीवर बसले.”

“पूर्ण बोलली?”

“सुरुवातीला सॉरी म्हणाली दोनदा. पण मग बोलली, शेवटपर्यंत.”

“आणि पैसे?”

“आले ना, त्याच दिवशी.”

“मग?”

“मग काय,” ताई म्हणाली, “प्रॅक्टिसला उशीर झाला म्हणून कोचने दोघींना पळवलं. ती पुढे, मी मागे. वेडी हसत होती पळताना.”